रविवार काही चुकत नाही

«ताई, मी वसईचा. वय 27. अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्स बघतो. दहावीपासून आमच्या चर्चच्या कॉयरसाठी, म्हणजे गायकवृंदासाठी, कीबोर्ड वाजवतोय आणि गेली चार वर्षं कॉयरही मीच सांभाळतो. 22 माणसं आहेत, त्यातल्या दोघांनाच नोटेशन वाचता येतं. लॉकडाऊनमध्ये बाख, तो तीनशे वर्षांपूर्वीचा जर्मन संगीतकार, ऐकायला लागलो आणि मग दुसरं काही ऐकावंसंच वाटेना. मागच्या वर्षी मुंबईतल्या एका चर्चमध्ये मला पाइप ऑर्गनवर अर्धा तास बसू दिलं. तेव्हापासून डोक्यात एकच आहे: जर्मनीत जाऊन ऑर्गन आणि कॉयर कंडक्टिंग शिकायचं, बरोक, म्हणजे बाखच्या काळच्या, संगीतातच आयुष्य काढायचं. बाबा एसटीत कंडक्टर होते. ते म्हणतात, एका घरात एक कंडक्टर पुरे. मामा विचारतो, पगाराची नोकरी सोडून पेटी वाजवणार का? आईचं म्हणणं, ते सगळं ठीक, लग्नाचं काय? ताई, असं करिअर खरंच असतं का? मला उशीर झालाय का? आणि आपल्याकडच्या माणसाला तिकडे कोण विचारणार? नाव छापू नका, वसईकर म्हणा.»

प्रिय वसईकरा,

बाबांचं वाक्य वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. त्यांना माझा नमस्कार सांग.

हे पत्र माझ्याकडेच आलं हा योगायोग बरा आहे. यजमानांच्या नोकरीमुळे मी नऊ वर्षं जर्मनीतल्या एका लहान गावात काढली. त्यातली सात वर्षं तिथल्या चर्चच्या कॉयरमध्ये, आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या, दुसऱ्या रांगेत, खांबाच्या बाजूला. मी ख्रिस्ती नाही, नोटेशनही तिथेच शिकले. पण तू जे व्हायचं म्हणतोस तो माणूस मी सात वर्षं दर आठवड्याला दहा फुटांवरून पाहिला आहे. तेवढ्याच जोरावर लिहिते.

पत्र छापताना मला कापावं लागलं. मूळ चार पानांत बाखचं नाव 19 वेळा आलंय, मी मोजलं. तुझ्या 22 माणसांबद्दल मात्र एकच वाक्य आहे, आणि तेही त्यांना काय येत नाही याचं. मला खटकलं ते इथे. कारण या धंद्यात बाख थोडा वेळ भेटतो. माणसं मात्र रोज भेटतात.

तिकडे या कामाला कांटोर म्हणतात. ऑर्गन वाजवणं, कॉयर शिकवणं, मुलांचा कॉयर चालवणं, वाद्यवृंद उभा करणं, सगळं एकाच माणसाकडे. आमच्याकडे तालीम गुरुवारी रात्री आठला, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. हीटर लावून अर्धा तास झाला तरी पाय गारच. पस्तीसेक माणसं यायची. एक दातांची डॉक्टर, एक बेकरीवाला, दोन शिक्षिका, आणि बेसमध्ये, म्हणजे पुरुषांच्या खालच्या आवाजात, एक निवृत्त पोस्टमन, जो कायम पाव सूर खाली असायचा आणि कायम सगळ्यांत खूश असायचा. कांटोर पहिली दहा मिनिटं गाऊच द्यायचा नाही. खांदे हलवा, जांभया द्या, ओठ फुरफुरवा. मग बाखचा एखादा कोराल, म्हणजे चार आवाजांत बांधलेलं साधं भक्तिगीत. एका ओळीच्या शेवटी ‘गॉट’ हा शब्द होता, म्हणजे देव. त्यातला ‘ट’ सगळ्यांनी एकाच क्षणी टाकायचा. आमचा पडायचा तो पत्र्यावर गारा पडल्यासारखा. एका संध्याकाळी त्या एका ‘ट’वर बारा मिनिटं गेली, मी भिंतीवरच्या घड्याळात बघितली. बेकरीवाला पहाटे तीनला उठणारा माणूस, तो डुलक्या घ्यायला लागला. कांटोरच्या चेहऱ्यावर वैतागाची रेघसुद्धा नव्हती. त्याला मजा येत होती! तेराव्या मिनिटाला तो ‘ट’ एकत्र पडला, आणि पोस्टमननेच टाळ्या वाजवल्या.

माझं दुखणं वेगळं होतं. भावगीतं गाऊन गाऊन मींडेची सवय. सुरावर खालून घसरत जायचं. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझा आवाज छान आहे, पण तू प्रत्येक सुराच्या घरी जाताना वाटेतल्या शेजाऱ्यांनाही भेटून जातेस. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी कॉयर सोडला असता.

रविवारी साडेनऊला हाच माणूस वर माडीवर, ऑर्गनपाशी. कापडी पिशवीतून पातळ तळव्याचे, बेताच्या टाचेचे बूट काढायचा, जे त्याने कधी रस्त्यावर घातले नाहीत. पाठ वेदीकडे, डोळ्यांसमोर छोटा आरसा, त्यात खालच्या धर्मगुरूची हालचाल बघत वाजवायचं. हात दोन कीबोर्डांवर, पाय खाली पेडलवर, आणि कॉयरला इशारा द्यायला उरते ती फक्त मान. मंगळवारी कुणाचे तरी अंत्यविधी, बुधवारी मुलांचा कॉयर, शनिवारी लग्न. लग्नात प्रत्येक नवरीला तेच एक गाणं हवं असतं, आणि ते बाखचं नसतं. बाखचा ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’, म्हणजे नाताळची कथा गाऊन सांगणारी मोठी रचना, करायचा तर त्याला तीन ट्रम्पेट आणि टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, लागतात. ते वादक पैसे मोजून बोलवावे लागतात, म्हणून ऑक्टोबरपासून हा माणूस गावातल्या दुकानदारांकडे वर्गणी मागत फिरायचा. आपल्या गणेशोत्सव मंडळाच्या खजिनदारासारखा, पावतीपुस्तक तेवढं नव्हतं. आणि एवढं करून रविवार काही चुकत नाही. ताप असो, घरी भांडण झालेलं असो, टेनर, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाचे, तिघेच उगवलेले असोत, साडेनऊला घंटा वाजते.

खुद्द बाखचं तरी वेगळं काय होतं? अठराव्या वर्षी, 1703 मध्ये, आर्नश्टाटला त्याला ऑर्गनिस्टची पहिली मोठी नोकरी लागली. तिथल्या विद्यार्थ्यांशी त्याचं पटेना. एका पोराच्या बासून (फुंकून वाजवायचं एक वाद्य) वाजवण्याला नावं ठेवली, तर तो पोरगा काठी घेऊन रस्त्यात आडवा आला आणि बाखने हत्यार उपसलं. पुढे 1705 मध्ये बुक्स्टेहूड नावाच्या थोर ऑर्गनिस्टला ऐकायला चार आठवड्यांची रजा घेऊन तो चारशे किलोमीटरवर ल्युबेकला पायी गेला, आणि जवळपास चार महिन्यांनी उगवला. वरिष्ठांनी झापलं ते रजेवरून आणि पोरांबरोबर संगीत न करण्यावरूनही. लाइपझिगला 1723 मध्ये त्याला कांटोर म्हणून घेतलं ते टेलेमान आणि ग्राउपनर या तेव्हाच्या नावाजलेल्या संगीतकारांचं जमलं नाही म्हणून. ज्या कामापायी आज आपण त्याच्या पाया पडतो, त्याच कामाबद्दल 1730 मध्ये त्याने नगरपालिकेला अर्ज लिहिला. त्यात शाळेतल्या 54 गायक पोरांची वर्गवारी आहे: 17 कामाचे, 20 अजून तयार व्हायचे, 17 अगदीच निरुपयोगी. त्याच वर्षी एका जुन्या मित्राला पत्र लिहिलं, त्यात मिळकतीचा हिशोब आहे. वर्षाला साधारण 700 टालर, म्हणजे तिथली तेव्हाची चांदीची नाणी. पण त्यातला बराच भाग लग्न-मयतांच्या दक्षिणेचा. हवा चांगली राहिली, लोक मेले नाहीत, की उत्पन्न घटतं. आदल्या वर्षी त्यापायी शंभराहून जास्त टालर बुडाले, अशी तक्रार आहे! तू अकाउंट्समधला आहेस, तुला हे पत्र माझ्यापेक्षा जास्त कळेल.

तेव्हा करिअर असतं का, तर असतं. पण त्याचा पाया रविवारच्या नोकरीचा असतो. बरोक हा त्यावर चढवलेला मजला. हे सगळं सोडून नुसता बरोकवर जगणारा माणूस विरळा, आणि तोही बहुधा याच जिन्याने वर गेलेला असतो.

आता «आपल्याकडच्या माणसाला कोण विचारणार». मासाकी सुझुकी हे नाव तू ऐकलं असशीलच. जन्म 1954, कोबे. जपानमध्ये ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का, त्यातल्या एका घरातला हा मुलगा. बाराव्या वर्षापासून चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला ऑर्गन वाजवू लागला. तोक्योला संगीतरचना आणि ऑर्गन शिकले, मग अॅमस्टरडॅमला टॉन कोपमान यांच्याकडे हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं तारांचं कीबोर्ड वाद्य) आणि पीट के यांच्याकडे ऑर्गन. परत जाऊन 1990 मध्ये त्यांनी ‘बाख कोलेजियम जपान’ हा कॉयर आणि वाद्यवृंद उभा केला. वय तेव्हा 36. बाखचे चर्चसाठीचे कंटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या उपासनेतल्या रचना, एकेक करून ध्वनिमुद्रित करायला 1995 मध्ये सुरुवात केली आणि 2013 मध्ये संपवलं. अठरा वर्षं, 55 सीडी, कोबेच्या एका महिला विद्यापीठाच्या चॅपलमध्ये. लाइपझिगने 2012 मध्ये त्यांना बाख पदक दिलं. जपानी गायकांनी जर्मनीला जर्मन ऐकवलं आणि जर्मनीने ते मान्य केलं, असं म्हण हवं तर.

मला यातली 55 ही संख्या तेवढी मोठी वाटत नाही. बारा ते छत्तीस ही चोवीस वर्षं मोठी वाटतात. त्या वर्षांत बाख कोलेजियम नव्हतं, तरी शिकणं आणि वाजवणं चालूच होतं. पुढे ते तोक्योच्या कला विद्यापीठात शिकवत होते, 2010 पर्यंत. तिथला प्राचीन संगीताचा विभागच त्यांनी सुरू केला. म्हणजे गायक मिळत नाहीत म्हणून रडत न बसता गायक घडवण्याची सोयही केली. तुझ्या ‘दोघांनाच नोटेशन वाचता येतं’ला उत्तर हवं असेल तर ते इथे आहे.

आणि हो, त्यांचे गुरू कोपमान. त्यांचंही कंटाटांचं काम चालू असताना मोठ्या रेकॉर्ड कंपनीने मध्येच हात काढून घेतला. गृहस्थांनी स्वतःचं लेबल काढलं आणि काम पुरं केलं. डच भाषेत कोपमान म्हणजे व्यापारी. लेबलला त्यांनी आपल्याच नावाचं फ्रेंच रूप दिलं, आंत्वान मार्शां. वसईच्या माणसाला व्यापार शिकवायला नको.

एक इशाराही देऊन ठेवते. कार्ल रिश्टर म्हणून होते, तेही ऑर्गनिस्ट आणि कॉयर कंडक्टर. तेविसाव्या वर्षी लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चचे ऑर्गनिस्ट, पंचविसाव्या वर्षी म्युनिकला, आणि तिथे हौशी गायकांतून उभा केलेला म्युनिक बाख कॉयर. एक काळ असा होता की बाख म्हणजे रिश्टर. मग जुन्या धाटणीची वाद्यं घेऊन, लहान कॉयर घेऊन बाख करणारे लोक आले, आणि रिश्टरचा भरघोस बाख बघता बघता जुना ठरला. ते 54 व्या वर्षी हृदयविकाराने गेले. मला त्यांचं वाजवणं अजून आवडतं, आमच्या कांटोरला आवडत नसे. यावरून आमचं एकदा वाजलंही आहे. सांगायचा मुद्दा असा की आज तुला यूट्यूबवर जे ‘खरं बरोक’ वाटतं, ते तू पन्नाशीला येशील तेव्हा कुणाला तरी हास्यास्पद वाटणार आहे. तेवढी तयारी ठेव.

उशीर झालाय का? ऑर्गनचा एकल वादक व्हायला बहुधा झालाय. तिथे पोरं दहाव्या वर्षी पेडलवर पाय टाकतात. कांटोर व्हायला नाही. जर्मनीतल्या संगीत महाविद्यालयांत ‘चर्च संगीत’ हा वेगळा अभ्यासक्रम आहे, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असे दोन. बॅचलरला ‘बी’ दर्जा मिळतो, मास्टर्सला ‘ए’. नोकरीच्या जागाही याच अक्षरांनी ओळखल्या जातात, शिवाय हौशी-अर्धवेळ लोकांसाठी ‘सी’ असते. तू कॅथलिक आहेस हे इथे कामाला येईल. रेगेन्सबुर्गला तर कॅथलिक चर्च संगीताचं स्वतंत्र महाविद्यालयच आहे. काही ठिकाणी प्रवेशाला वयाची अट असते, ती आधी तपास. शिकणारे कमी होत चालल्याने चांगल्या माणसाला मागणी आहे. पण चर्चेसही एकमेकांत विलीन होताहेत, आणि पूर्णवेळाऐवजी अर्ध्या-पाऊण वेळेच्या जागा निघतात. म्हणजे जागा आहे, चैन नाही.

पैसा. सरकारी महाविद्यालयांत बहुतेक राज्यांत फी नाममात्र. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला 1500 युरो पडतात. खरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात (2024 चा आकडा), म्हणजे 11-12 लाख रुपये. बाबांच्या पेन्शनला किंवा फंडाला हात लावायचा नाही, ही माझी अट समज. दोन वर्षं अंधेरीला जा आणि साठव.

त्या दोन वर्षांत करायचं बरंच आहे, कारण प्रवेश परीक्षेत ऑर्गनबरोबर पियानो, गाणं, कान आणि हार्मनी सगळंच बघतात. पहिलं म्हणजे तुझ्या कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण. त्यावर चिकटपट्टी लाव. आपल्याकडे गायकाला काळी दोन हवी की पांढरी चार, बटण दाबलं की झालं. लाइपझिगच्या चर्चमधले ऑर्गन बाकीच्या वाद्यांपेक्षा एक स्वर वर लावलेले होते, म्हणून बाखच्या ऑर्गनच्या भागांचे कागद एक स्वर खाली लिहिलेले सापडतात. आजही बरोक वाद्यवृंद 440 ऐवजी 415 हर्ट्झला, म्हणजे नेहमीपेक्षा अर्धा स्वर खाली, लावतात. डोळ्यांना एक दिसतं, बोटांनी दुसरं वाजवायचं. हे अंगवळणी पडायला दीड-दोन वर्षं जातात.

दुसरं, आकडी बेस. कागदावर फक्त खालची ओळ असते आणि तिच्याशेजारी 6, 7 असे आकडे. वरची भर तू तिथल्या तिथे घालायची. तुला हे अवघड वाटेल असं तुझ्या पत्रावरून दिसतं, मला तसं वाटत नाही. बंदिशीचा नुसता आराखडा हातात, गायक कुठे जाईल ते माहीत नाही, आणि त्याच्या पायात न येता जागा भरायच्या, ही आपली पेटीची साथच आहे. वसई-विरारमध्ये भजनाला पेटी धरणारा एखादा चांगला बुवा गाठ आणि वर्षभर त्याच्या शेजारी बस. मी चेष्टा करत नाहीये.

पेटीवरून मामा आठवले. संगीत नाटकाच्या साथीला असायचा तो पायाने भाता मारायचा ऑर्गन त्यांनी बघितला असेल. तो पत्तीचा, म्हणजे आपल्या पेटीचा भाऊबंद. पाइप ऑर्गनमध्ये वारा नळ्यांतून जातो, आणि पेडलची नळी सोळा फुटांचीसुद्धा असते. त्यांना सांग, हो, पेटीच आहे, फक्त घराएवढी आणि पायांनीही वाजणारी.

पेडलसाठी मुंबई गाठावी लागेल. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल आणि कुलाब्याचं होली नेम कॅथीड्रल, दोन्हींत पाइप ऑर्गन आहे. तुमच्या फादरांची चिठ्ठी घेऊन जा, मिस्सा, म्हणजे उपासना, नसेल अशी वेळ माग, नाही म्हटलं तर पुन्हा माग. घरी 30 किंवा 32 पट्ट्यांचा जुना मिडी पेडलबोर्ड, म्हणजे कीबोर्डला जोडता येणाऱ्या पायपट्ट्या, मिळाला तर बघ. जर्मन भाषा आजपासून. नुसती परीक्षेपुरती नको, विनोद करता येईल इतकी. रात्री आठला दमून आलेल्या पस्तीस माणसांना ‘परत पहिल्यापासून’ म्हणायचं, तर मध्ये एखादा विनोद लागतोच.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम, ते येत्या महिन्यातच सुरू कर. बाखचा एक सोपा चार आवाजी कोराल घे. त्याला तुझेच मराठी शब्द बसव, मिस्सेला चालतील असे. तुझ्या 22 जणांना तो शिकव, नोटेशनशिवाय, कानाने. सहा आठवडे दे. टेनर कमी पडतील, बायकांचा आल्टो सोप्रानोकडे, म्हणजे वरच्या आवाजाकडे, पळेल, कुणी चौथ्या आठवड्यात कंटाळून येणार नाही. तेव्हा स्वतःकडे लक्ष ठेव. त्या बारा मिनिटांच्या ‘ट’सारखा प्रसंग येईल, तेव्हा तुला आतून ‘कधी एकदा घरी जाऊन खरा बाख ऐकतो’ असं वाटलं, तर बाख ऐकत राहा, अकाउंट्स सोडू नकोस. त्यात काही कमीपणा नाही, मीही तेच करते. पण वेळ कुठे गेला ते कळलं नाही असं झालं, तर मला कळव. आमचा कांटोर आता निवृत्त झालाय, पण पत्रांना उत्तरं देतो. मी गाठ घालून देईन.

राहिला आईंचा प्रश्न. मुलीला आधीच स्पष्ट सांगायचं: शनिवारी संध्याकाळी, रविवारी सकाळी, पवित्र आठवड्यात आणि नाताळच्या रात्री हा माणूस घरी नसणार, आणि गुरुवारी रात्री साडेदहाला जेवणार. तरी हो म्हणाली तर उत्तम. आईंना हे ऐकून धक्का बसेल असं मला वाटत नाही. गेल्या दहा नाताळांच्या रात्री तू कुठे होतास, ते त्यांना ठाऊक आहे.